अण्णाच्या गाड्या

माझा थोरला भाऊ अण्णा १९६६ साली बडोद्याहून इंग्लंडला गेला, तेव्हा तो तिकडे इंजिनिअर होणार अशी घरात सर्वांची समजूत होती. तो रंगारी झाला. कलाभवनातली पदविका, वडिलांनी काढलेले कर्ज आणि आजीच्या दोन पाटल्या एवढ्या भांडवलावर गेलेला मुलगा रेल्वेच्या डब्यांना रंग देतो, हे दांडिया बाजारातल्या आमच्या वाड्यात कुणाला सांगण्यासारखे नव्हते. "रेल्वेत आहे," एवढेच म्हणून वडील विषय बदलत. ऐकणारा मनाशी समजे की मोठा अधिकारी असणार. अण्णाने स्वतः मात्र कधी काही लपवले नाही. त्याच्या पत्रांत हवापाण्याची चौकशी आणि पैशाचा हिशेब आटोपला की उरलेले पान रंगाचे असे.

हॅम्पशर परगण्यात ईस्टली नावाचे गाव आहे. तिथे रेल्वेचा मोठा कारखाना होता. लंडनच्या दक्षिणेला दूरवर पसरलेल्या उपनगरी गाड्या, ज्या रुळांशेजारी टाकलेल्या तिसऱ्या रुळातून वीज घेतात, त्या तिथे दुरुस्तीला येत. दुरुस्ती संपली की डबा रंगशाळेत ढकलला जाई. धुणे, घासणे, पोचे आलेल्या जागी लांबी भरून पुन्हा घासणे, अस्तर, त्यावरचे हात आणि सर्वांत शेवटी अक्षरे व रेघा. अण्णाची ख्याती रेघेबद्दल होती. डबा सुमारे वीस मीटर लांब. त्याला बाकांच्या प्रत्येक जोडीशी एक अशी कितीतरी दारे. या सगळ्या दारांवरून, त्यांच्या फटींवरून, बिजागऱ्यांवरून रेघ या टोकापासून त्या टोकापर्यंत सरळ गेली पाहिजे. "दारावरून जाताना रेघ दचकता कामा नये," असे त्याने एका पत्रात लिहिले होते. वडिलांनी ते पत्र वाचून घडी घालून ठेवून दिले, काही बोलले नाहीत.

तो रुजू झाला त्याच्या आदल्याच वर्षी, १९६५ मध्ये, ब्रिटिश रेल्वेने आपला चेहरा बदलायचे ठरवले होते. दोन विरुद्ध दिशांच्या बाणांचे ते प्रसिद्ध चिन्ह त्याच वर्षीचे. दक्षिणेकडच्या गाड्या पिढ्यान्‌पिढ्या हिरव्या होत्या. त्या आता निळ्या व्हायच्या होत्या. तेव्हा हिरव्यावर निळा चढवणे हे अण्णाचे परदेशातले पहिले काम. गाडीच्या तोंडाला पिवळा रंग, कारण रुळांवर काम करणाऱ्या माणसाला ती दुरून दिसावी. पहिल्या वर्गाच्या खिडक्यांवर पिवळी पट्टी, खानपानाच्या डब्यावर लाल. ही भाषा फलाटावरच्या प्रत्येकाला येत असे आणि ती कुणी शिकवावी लागत नसे.

मी पहिल्यांदा त्याच्याकडे गेले ती १९८७ च्या उन्हाळ्यात. वर्षभरापूर्वी लंडनच्या उपनगरी गाड्यांचा सगळा विभाग 'नेटवर्क साउथ-ईस्ट' या नव्या नावाखाली आणला गेला होता. ख्रिस ग्रीन नावाचे अधिकारी त्याचे प्रमुख. त्यांनी गाड्यांवर लाल, पांढरे, निळे पट्टे ओढायला लावले आणि स्थानकांवरचे दिव्यांचे खांब लालभडक रंगवून घेतले. मला ते सगळे जत्रेसारखे वाटले, आणि खरे सांगायचे तर आवडले. अण्णा मला फलाटावरून चालवत एका डब्यापाशी घेऊन गेला आणि बोटाने एक जागा दाखवून म्हणाला, "इथे हात लाव, बबी. काही लागतंय?" मला काहीच लागले नाही. "तिथं मुठीएवढा पोचा होता. गाडी वीस वर्षांची आहे, लोकांना वाटतं नवी आली." यात अभिमान होता की थट्टा, हे मला त्या दिवशी कळले नाही. घरी आल्यावर त्याने तपकिरीच्या एका जुन्या डबीतून रंगाचा एक जाड पोपडा काढून दाखवला. त्याची कड उजेडात धरली की एकावर एक थर दिसत: तळाशी अस्तर, मग हिरवा, मग निळा, त्यावर आणखी एक निळा. "सगळ्यात वरचा मी दिलेला, आणि त्याच्या खालचाही मीच."

पुढच्याच वर्षी, १२ डिसेंबर १९८८ च्या सकाळी, क्लॅपम जंक्शनजवळ पूलहून येणारी गाडी उभ्या असलेल्या बेझिंगस्टोकच्या गाडीवर मागून आदळली आणि बाजूने येणाऱ्या एका रिकाम्या गाडीवर जाऊन धडकली. ३५ माणसे गेली. कामावर निघालेले लोक होते सगळे. चूक सिग्नलची होती. एक जुनी तार काढून टाकायला हवी होती ती तशीच लोंबत राहिली आणि सिग्नलने चुकीचा रंग दाखवला. अँथनी हिडन यांच्या चौकशीत असेही निघाले की तारेचे काम करणाऱ्या माणसाला तेरा आठवड्यांत एकच सुटी मिळाली होती. डब्यांचा दोष नव्हता. पण ते डबे पन्नाशीच्या दशकातल्या आराखड्याचे होते. खाली पोलादी सांगाडा आणि वर त्यावर बसवलेले अंग. अशा बांधणीत धडक बसली की एका डब्याचा सांगाडा दुसऱ्यावर चढतो आणि मधल्या माणसांना जागा उरत नाही. अण्णाचे पत्र महिन्याने आले. त्या गाड्यांपैकी काही डबे आमच्या शाळेतून गेलेले असणार, असे त्याने लिहिले होते. पुढे एकच वाक्य होते, आणि ते मी त्या पत्रासकट जपून ठेवले आहे: रंगाऱ्याला फक्त वरचे दिसते.

या जुन्या, हाताने धाडकन लावायच्या दारांच्या गाड्या हटवायला मात्र आणखी सतरा वर्षे लागली. १९९९ चे सुरक्षा नियम आले. त्यांनी २००२ ची मुदत घातली आणि डबे एकमेकांवर चढू नयेत अशी जोडणी केली तर २००४ अखेरपर्यंत सवलत दिली. प्रत्यक्षात मुख्य मार्गांवरची शेवटची गाडी २००५ च्या नोव्हेंबरात निघाली.

दरम्यान रेल्वेच बदलली होती. १९९३ च्या कायद्याने ब्रिटिश रेल्वेचे तुकडे झाले. रूळ एकाचे, गाड्या चालवण्याचा मक्ता दुसऱ्याचा आणि डबे तिसऱ्याचे, अशी ती विलक्षण व्यवस्था. डब्यांच्या मालकीसाठी तीन कंपन्या काढल्या आणि विकल्या. त्यांतली पोर्टरब्रुक सरकारने १९९६ च्या आरंभी ५२ कोटी ७० लाख पौंडांना विकली. त्याच वर्षी ती ८२ कोटी ५० लाखांना पुन्हा विकली गेली. डब्यांचा एक खिळाही मधल्या काळात बदलला नव्हता. मक्तेदार सात-दहा वर्षांसाठी यायचा, डबे भाड्याने घ्यायचा, आणि त्याच्या हातात स्वतःचे म्हणावे असे एकच काही असायचे ते म्हणजे रंग. म्हणून मक्ता बदलला की पहिले काम रंगाचे. कोणी पांढऱ्यावर पिवळा आणला, त्याचा मक्ता गेल्यावर दुसऱ्याने हिरवा. रंगशाळांना एवढे काम ब्रिटिश रेल्वेच्या काळात कधी मिळाले नसेल. पण ते काम पूर्वीचे राहिले नव्हते. घासणे, लांबी, अस्तर यांच्या जागी हळूहळू व्हायनिलचे चिकटपट्ट्यांचे ताव आले. ताव चिकटवायचा, मक्ता संपला की सोलून टाकायचा. अण्णा २००१ मध्ये निवृत्त झाला. "पोपडासुद्धा निघणार नाही आता," म्हणाला.

२००३ मध्ये मी पुन्हा गेले. वहिनी गेल्यानंतर अण्णा नीलाकडे, त्याच्या मुलीकडे, लंडनच्या नैर्ऋत्येला ट्विकनमला राहायला आला होता. वॉटर्लूहून सुटणाऱ्या गाड्यांचे तेव्हा तीन रंग ठरत होते: लांबच्या पल्ल्याची पांढरी, मधल्या पल्ल्याची निळी, जवळच्या उपनगरांची लाल. ही मला बरी युक्ती वाटली; फलक वाचता आला नाही तरी चुकीच्या गाडीत बसण्याची भीती कमी. अण्णालाही ते पटले होते. त्याचा संताप होता तो दारांवर. १९९८ च्या नियमांनी अपंग प्रवाशांसाठी ज्या अटी घातल्या, त्यांत एक अशी होती की दारांचा रंग बाजूच्या भिंतीच्या रंगापासून स्पष्टपणे वेगळा हवा, म्हणजे अधू दृष्टीच्या माणसाला दार कुठे आहे ते कळेल. झाले! रेघ तुटली. प्रत्येक दाराशी येऊन थांबली आणि पलीकडून पुन्हा सुरू झाली. फलाटावर उभा राहून तो जवळजवळ ओरडलाच, "ठिगळं लावलीयत ठिगळं! सबंध गाडीला एक अंग असतं गं, बबी. या लोकांनी तिची गोधडी केली." नीलाने त्याला गप्प केले. मी त्याची बाजू घेतली होती, हे इथे कबूल केले पाहिजे. चाळीस वर्षे माणसाने जे एक काम नीट केले तेच कायद्याने मोडले, असे मला तेव्हा वाटले.

त्या सुमाराची आणखी एक गोष्ट तो चवीने सांगे. जुन्या गाड्यांच्या जागी जर्मनीतल्या क्रेफेल्डहून आणि इंग्लंडातल्याच डर्बीहून दोन हजारांवर नवे डबे यायचे होते. ते येऊ लागले आणि मग लक्षात आले की वातानुकूलन, आपोआप उघडणारी दारे असा सरंजाम असलेल्या या गाड्यांना तिसऱ्या रुळातली वीज पुरणार नाही. नव्याकोऱ्या गाड्या बाजूच्या रुळांवर उभ्या राहिल्या आणि आधी वीजकेंद्रे वाढवावी लागली. नवी सून आली आणि चुलीच नाहीत, असा तो प्रकार.

जुन्यांपैकी दोन गाडीसंच तेवढे मागे राहिले होते. न्यू फॉरेस्टच्या रानातून लिमिंग्टनच्या धक्क्यापर्यंत जाणारा एक छोटा फाटा आहे, तिथे ते २०१० च्या मे महिन्यापर्यंत धावले. त्यांना मुद्दाम जुने रंग दिले होते, एकाला हिरवा, दुसऱ्याला निळा-करडा. नीला अण्णाला तिकडे घेऊन गेली. हिरवी गाडी मिळाली. तो परत येईपर्यंत काही बोलला नाही, असे तिने फोनवर सांगितले. उतरल्यावर दार मात्र स्वतः लावले, धाडकन.

आणि मग त्याचे डोळे. २०१४-१५ पासून त्याच्या दृष्टीच्या मध्यभागी धुरकट डाग दिसू लागला. नजर ज्या गोष्टीवर लावावी नेमकी तीच पुसली जाते आणि कडेचे तेवढे दिसत राहते. अक्षरे गेली, माणसांचे चेहरे गेले. रंग फिके झाले, पण मोठे ठळक फरक राहिले. २०१८ मध्ये मी गेले तेव्हा तो ७७ वर्षांचा होता आणि हट्टाने एकटा गाडीने रिचमंडपर्यंत जाऊन येत असे. मी पहिल्याच दिवशी त्याच्या मागे लागले. ट्विकनमच्या फलाटावर गाडी आली, थांबली. अण्णाने मान किंचित वळवली, कोंबडी बघते तशी, कडेच्या नजरेने. आणि दोन पावले डावीकडे सरकून बरोबर दारासमोर उभा राहिला. बटण शोधून दाबले. आत बसल्यावर मी विचारले, "कसं कळलं रे तुला दार कुठंय ते?"

"वेगळं दिसतं ना ते." मग थोडा वेळ खिडकीकडे तोंड करून बसला. "ठिगळ."

त्यावर आम्ही दोघेही हसलो नाही.

त्या दिवशीची गाडी १९८० च्या दशकातली होती. ४५५ हा तिचा वर्ग; १९८२ ते ८५ या काळात यॉर्कच्या कारखान्यात असे १३७ गाडीसंच बांधले गेले. निळ्या-करड्या रंगात जन्मली, लाल-पांढऱ्या-निळ्या पट्ट्यांत वावरली, मग खाजगी मक्तेदाराने तिला लाल केले. २०१७ च्या ऑगस्टात मक्ता बदलून 'साउथ वेस्टर्न रेल्वे' आली. या नव्या मंडळींनी सर्व गाड्यांना एकच करडा-निळा वेश ठरवला. पण ४५५ ला बहुधा कुणी हात लावला नाही, कारण ती लवकरच भंगारात जायची होती. तिच्या जागी डर्बीहून ९० नव्या गाड्या मागवल्या होत्या, डबे एकूण ७५०, करार सुमारे ९० कोटी पौंडांचा. बनवणारी बंबार्डियर, म्हणजे आपल्या बडोद्याजवळच्या सावलीच्या कारखान्याची तेव्हाची मालक कंपनी. २०२१ मध्ये ती अल्स्टॉमने घेतली. हे मी अण्णाला सांगितले तेव्हा तो एवढेच म्हणाला, "बघ, घरचेच आहेत."

घरच्यांना उशीर झाला. २०१९ मध्ये यायच्या गाड्या प्रवासी घेऊन पहिल्यांदा धावल्या त्या ९ जानेवारी २०२४ रोजी. सॉफ्टवेअरचे दोष, चालकांच्या तक्रारी, त्यांचे प्रशिक्षण; एक मिटले की दुसरे. तोवर लाल ४५५ ओढत राहिल्या, सात वर्षांपूर्वी निघून गेलेल्या मालकाचा रंग अंगावर वागवत. यातली खरी विसंगती मात्र वेगळी आहे. जुन्या मक्तेदाराने जाण्यापूर्वी सीमेन्सकडून ३० नव्या गाड्या मागवल्या होत्या. त्या २०१७ मध्ये धावू लागल्या त्याच महिन्यात मक्ता बदलला, आणि भाडे जास्त म्हणून नव्याने त्या परत करायचे ठरवले. २०२१ पासून त्या लंडनच्या आग्नेयेला दुसऱ्या कंपनीकडे गेल्या, नवा रंग आणि नवे नाव घेऊन. म्हणजे चाळिशीची गाडी आहे तिथेच राहिली आणि चार वर्षांची बदली होऊन गेली. खाजगीकरणाच्या बाजूने पुष्कळ बोलता येते. प्रवासी वाढले, गाड्याही नव्या आल्या, हे नाकारण्यात अर्थ नाही. पण हा एक हिशेब मला कुणी समजावून सांगू शकलेले नाही.

२५ मे २०२५ रोजी ही रेल्वे पुन्हा सरकारच्या ताब्यात गेली. त्या दिवशी पहाटे वोकिंगहून निघालेल्या पहिल्या राष्ट्रीय फेरीचा काही भाग रुळांच्या कामामुळे बसने पार पडला. अण्णाला ही बातमी इतकी आवडली की त्याने नीलाकडून ती तीनदा वाचून घेतली. तेव्हा नव्वद नव्या गाड्यांपैकी रुळांवर होत्या त्या बोटांवर मोजण्याइतक्या; बाकीच्या बाजूला उभ्या.

गेल्या वर्षी ऑक्टोबरात मी गेले, बहुधा शेवटचीच. माझे गुडघे आणि त्याचे डोळे. तो ८४ वर्षांचा. विंडसरकडून येणारी नवी गाडी आम्हाला मिळाली. दहा डबे, या टोकापासून त्या टोकापर्यंत आतून मोकळे. ४५५ मध्ये ना वातानुकूलन होते ना शौचालय, इथे दोन्ही. अण्णा आत शिरून आधी भिंतीवरून तळहात फिरवत राहिला. समोरचा तरुण आपली बॅग सरकवून उठला, त्याला वाटले म्हातारा आधार शोधतोय. "पोचे नाहीत," अण्णा मराठीत म्हणाला, त्या तरुणालाच. मग खाली बसला आणि बराच वेळ गाडीचा आवाज ऐकत राहिला. ती कोण चालवते आता, हे त्याने विचारले. मी म्हटले, सरकार. "आणि डबे?" नीला म्हणाली, "डबे अजून भाड्याचेच आहेत, बाबा." त्याने मान हलवली. वॉटर्लूला उतरून कॉफी प्यायलो आणि परतलो. येताना त्याने माझा हात धरला नाही; फलाटावर मीच चुकीच्या जागी उभी होते, त्याने मला बाहीला धरून दोन पावले सरकवले.

निघण्याच्या दिवशी त्याने मला तपकिरीची डबी दिली. मी घेत नव्हते. "मला आता कड दिसत नाही," तो म्हणाला. डबी बडोद्याला माझ्या टेबलावर आहे. शेजारच्यांची नात एकदा विचारून गेली, हे काय आहे म्हणून. मी तिला सांगितले, माझा भाऊ तिकडे रेल्वेत रंगारी होता. वाड्यात हे वाक्य कुणी मोठ्याने म्हटल्याचे मला आठवत नाही.

डिसेंबरात लंडनहून बातमी आली. साऱ्या सरकारी गाड्यांसाठी 'ग्रेट ब्रिटिश रेल्वेज' या नावाने एकच नवा रंग जाहीर झाला: लाल, पांढरा, निळा. १९६५ चे ते दोन बाण मात्र कायम. मी रात्री अण्णाला फोन केला आणि छायाचित्र समोर ठेवून त्याला वर्णन करून सांगू लागले. निळा कुठे आहे, लाल कुठून सुरू होतो, पट्टे तोंडाशी कसे वळतात. तो मधे मधे हुंकार देत होता. मला वाटले, आता विचारणार की रेघ अखंड आहे का.

"दारांना काय दिलंय?" त्याने विचारले.

"थांब हं," मी म्हटले आणि चष्मा पुसून चित्र पुन्हा जवळ ओढले.